असदुल्लाची सही आहे, म्हणून ती तलवार शाह अब्बासची ठरते का?

तुमचा प्रश्न असा: आजोळचा वाडा उतरवताना माळ्यावरच्या पेटीत एक वाकडी तलवार निघाली. पातं ८१ सेंटिमीटर, मुठीजवळ जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर रुंद. मूठ आपल्याकडच्या तलवारींना असते तशी, वर बशीसारखी चकती. पात्यावर सोन्यात फारसी अक्षरं. गावातल्या मौलवींनी ती वाचून दिली: एका चौकटीत ‘बंदे-ए शाह-ए विलायत अब्बास’, दुसरीत ‘अमल-ए असदुल्लाह इस्फहानी’. एक व्यापारी म्हणाला, ही खुद्द इराणच्या शाह अब्बासची. दुसरा म्हणाला, छे, ही तुर्की, हिला ‘किलिज’ म्हणतात. मामांचं म्हणणं, पूर्वजांनी लढाईत जिंकून आणली. तुम्हाला विचारायचंय की खरं कोणाचं, आणि खंडेनवमीच्या आधी लिंबू-राख लावून ती चकचकीत केली तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. लिंबू सरबताला ठेवा. का, ते पुढे येईलच.

मी तीसेक वर्षं जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करतो आणि त्यातला निम्मा काळ तरी हत्यारांवर गेला आहे. तरीही पाच फोटोंवरून मी छातीठोक काही सांगणार नाही. पोलाद हातात घेऊन, तिरप्या उजेडात फिरवून बघावं लागतं. पण तुमचा प्रश्न जिथे अडकलाय ती गाठ फोटोंवरूनही सुटण्यासारखी आहे. तुम्ही तिघांचं ऐकलंत आणि तिघंही तलवार ही एकच वस्तू धरून बोलतायत. तशी ती नसते. पातं एक, त्यावरची अक्षरं दुसरी, मूठ तिसरी, म्यान असेल तर चौथी. प्रत्येकाचं गाव आणि वय वेगळं असू शकतं. तेव्हा ‘ही कोणाची’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून ‘यातला कुठला भाग कुठला’ असं विचारू.

अक्षरांपासून सुरू करतो, कारण सगळा गोंधळ तिथला आहे.

‘शाह-ए विलायत’ म्हणजे हजरत अली. ‘बंदे-ए शाह-ए विलायत अब्बास’ याचा अर्थ ‘अलीचा दास अब्बास’. इराणवर राज्य करणारं शाह अब्बासचं सफवी घराणं शिया, त्यांच्या नाण्यांवरही हेच शब्द येतात. शिवराईवर ‘छत्रपति’ लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक शिवराई महाराजांच्या कनवटीतून पडली असं आपण म्हणत नाही. इथेही तेच. हा राजाच्या नावाचा शिक्का झाला, मालकीची पावती नव्हे. शिवाय अब्बास एकच नव्हता. पहिला शाह अब्बास १५८८ ते १६२९, दुसरा १६४२ ते १६६६, आणि तिसरा, नादिरशाहाच्या हातातलं बाहुलं असलेला पोरगा, १७३२ ते १७३६. नुसतं ‘अब्बास’ वाचून त्यातला पहिलाच का निवडायचा? तो प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्ध नावाला किंमत येते, एवढंच कारण असतं.

असदुल्लाची गोष्ट आणखी गमतीची. ‘अमल-ए असदुल्लाह इस्फहानी’ म्हणजे ‘इराणातल्या इस्फहानच्या असदुल्लाचं काम’. दंतकथा अशी की उस्मानी, म्हणजे तुर्की सुलतानाने शाह अब्बासकडे एक शिरस्त्राण पाठवलं आणि ते तलवारीने दुभंगून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं. असदने तशी तलवार घडवली, शिरस्त्राण दुभंगलं, आणि खूश होऊन शाहाने तलवार घडवणाऱ्यांवरचा कर माफ केला. गोष्ट झकास आहे. पण ‘असदुल्लाह’ असं लिहिलेली आणि तारीख घातलेली जी पाती जगभरच्या संग्रहांत आहेत, त्यांच्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात बसत नाहीत. नातवाच्या आणि खापरपणतूच्या काळातही हा असदुल्ला घण मारतोच आहे. म्हणजे हे नाव पुढे दर्जाचा शिक्का झालं. कुणी मानाने लावलं, कुणी विकण्यासाठी. मी स्वतः हाताळलेल्या पात्यांत हे नाव चाळीसेक वेळा तरी आलं असेल, आणि त्यातली उत्तम पोलादाची बरीच होती. त्यामुळे ‘असदुल्ला म्हणजे खोटी’ हेही चूकच. सही पात्याबद्दल फार कमी सांगते, इतकंच.

तारीख असेल तर आकडेमोड करा. हिजरी सनाला ०.९७ ने गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. १०२५ आलं तर साधारण १६१६, पहिल्या अब्बासचा काळ. १०९२ आलं तर १६८१, तेव्हा गादीवर कुठलाच अब्बास नव्हता. तुमच्या फोटोत दुसऱ्या चौकटीखाली चार खुणांचा एक छोटा चौकोन दिसतोय, त्याला सन समजू नका. तो ‘बदूह’ असावा: बे, दाल, वाव, हे ही चार अक्षरं किंवा त्यांचे २, ४, ६, ८ हे आकडे. रक्षणाचा ताईतच म्हणा. इराणी, तुर्की, हिंदुस्थानी, सगळ्या पात्यांवर तो सापडतो.

आता एक काम तुम्ही घरी करू शकता. घड्याळजीकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा आणि सोनं जिथे झिजलंय ती जागा बघा. सोनं बसवण्याच्या मुख्य दोन रीती. एकीत छिन्नीने अक्षराची खाच कोरून तिच्यात तार ठोकतात; सोनं निघालं तरी खाच राहते, अक्षर वाचता येतं. दुसरी कोफ्तगरी: पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा खरवडून त्यावर सोन्याचा पातळ पत्रा किंवा तार दाबतात, सोनं गेलं की मागे किसणीसारखी जाळी उरते. दोन्ही रीती जुन्या, दोन्ही अस्सल. बघायचं ते वेगळंच. सोन्याखाली गंजाचे खड्डे आहेत का?

हे मला कसं कळलं तेही सांगतो. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. एका घराण्याची तलवार आली, तिच्यावर हाच मजकूर. मी ऐटीत नोंदीत ‘१७ वं शतक, इस्फहान’ लिहून मोकळा झालो. आमच्या गुरुजींनी नोंद वाचली, काही बोलले नाहीत, भिंग माझ्या हातात दिलं आणि एका अक्षरावर बोट ठेवलं. अलिफ या अक्षराची उभी रेघ गंजाच्या एका खड्ड्यात उतरून पुन्हा वर चढली होती. सोनं खड्ड्याच्या तळालाही चिकटलेलं. म्हणजे पातं आधी घडलं, वापरलं गेलं, गंजलं, आणि मग कुणीतरी त्यावर असदुल्लाचं नाव चढवलं. पातं चांगलं जुनं होतं हो, पण सही नवी. ती नोंद मी शाईने खोडली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

तेव्हा अक्षरं सगळ्यात शेवटी वाचायची. आधी पोलाद, मग घाट, म्हणजे पात्याचा आकार.

चांगल्या इराणी पात्याचं पोलाद मुशीतलं असतं. लोखंड आणि कार्बन देणारा पाला-लाकूड मातीच्या मुशीत घालून, तोंड लिंपून, भट्टीत वितळवायचं आणि अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं. हातात मावेल अशी वडी निघते, तिच्यात कार्बन साधारण दीड टक्का. ती बेताच्या आचेवर ठोकत लांबवली की आतल्या कठीण कणांच्या रांगा लागतात, आणि शेवटी पात्याला आम्लाचा हात दिला की त्या रांगा पाण्यावरच्या लहरींसारख्या उमटतात. हाच जौहर. त्याच्या जातींना नावं आहेत: साधा तो शाम, काळसर आणि दाट तो कारा खोरासान, आणि ठराविक अंतरावर आडव्या पायऱ्या असलेला तो किर्क नर्दुबान, म्हणजे ‘चाळीस पायऱ्यांची शिडी’. (पायऱ्या मोजून चाळीस भरल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.)

या वड्या यायच्या कुठून? इराणात स्वतःच्या भट्ट्या होत्याच. दक्षिणेकडच्या चाहकला मुशींचे अवशेष सापडले आहेत. पण मोठा पुरवठा आपल्या बाजूचा. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने लिहून ठेवलंय की जौहर उमटणारं पोलाद गोवळकोंड्याच्या राज्यातून इराणला जातं. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे त्या वड्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी नावाचा इंग्रज भूशास्त्रज्ञ तिथे गेला, तर त्याला पोलाद घ्यायला आलेला इस्फहानचा व्यापारी भेटला. म्हणजे तुमच्या हातातलं पातं इराणी असेल तर त्याचा कच्चा माल बहुधा नांदेडच्या शेजारच्या मुलखातून निघाला, इस्फहानला जाऊन तलवार झाला आणि परत दख्खनात आला. शाह अब्बासच्या नावापेक्षा हा प्रवास मला जास्त मोलाचा वाटतो.

जौहर खोटा करणारेही आहेत. साध्या पोलादावर आम्लाने नक्षी उठवतात. ओळखायची सोपी खूण: पात्याची पाठ बघा. खऱ्या जौहराच्या रांगा पोलादाच्या आतच असल्याने त्या पाठीवरही दिसतात. खोटी नक्षी दोन्ही बाजूंवर असते आणि पाठीशी आली की कापल्यासारखी थांबते. जुळवलेल्या पट्ट्यांचं पातं हा तिसरा प्रकार. लोखंडाच्या वेगवेगळ्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून ते करतात. उस्मानी कारागिरांनी त्यात फार सुंदर काम केलंय, ते खोटं अजिबात नव्हे. पण त्याची नक्षी दोरीच्या पिळासारखी दिसते, पाण्यासारखी नाही.

आता ‘तुर्की की इराणी’.

इराणी वाकडी तलवार, शमशीर, अरुंद असते. मुठीपासून मध्यापर्यंत फारशी वाकत नाही, मग एकदम खोल बाक घेते आणि निमुळती होत होत सुईसारख्या टोकाला जाते. पात्यावर सहसा पन्हळ नसते. उस्मानी किलिजची खूण टोकाजवळ: शेवटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात पातं अचानक रुंद होतं, पाठीला एक पायरी येते आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना धार. त्या रुंद भागाला येलमान म्हणतात. घावाला वजन तिथून मिळतं. अठराव्या शतकात किलिज आखूड आणि आणखी रुंद झाली, तिच्या पाठीचा छेद इंग्रजी ‘टी’सारखा, ती पाला. यातागान तर वेगळीच, आतल्या बाजूला वाकलेली, परज (मूठ आणि पात्यामधली, हात राखणारी आडवी दांडी) नसलेली, मुठीला दोन कान. तुमच्या फोटोत येलमान नाही, पायरी नाही, पातं शेवटपर्यंत निमुळतं होतंय. दुसरा व्यापारी बाक पाहून किलिज म्हणाला असेल. घाट शमशीरीचा आहे.

पण घाट शमशीरीचा म्हणून पातं इराणातच घडलं असंही लगेच लिहू नका. इराणी आणि उस्मानी दरबारांत वैर जितकं जुनं, तितकीच उसनवारी जुनी. २३ ऑगस्ट १५१४ ला चाल्दिरानच्या लढाईत उस्मानी सुलतान सलीमच्या तोफा-बंदुकांनी इराणच्या शाह इस्माईलच्या घोडदळाची धूळधाण केली. सलीम इस्माईलच्या राजधानीत, तब्रिझमध्ये शिरला आणि परतताना तिथले कारागीर इस्तंबूलला घेऊन गेला. तीन वर्षांनी त्याने इजिप्तचे मामलुक राज्यकर्ते बुडवले, त्यांची शस्त्रागारंही इस्तंबूलला आली. तिथून पुढे उस्मानी राज्यात इराणी पातं आणि तुर्की मूठ हे जोडपं इतकं रुळलं की निम्म्या वेळा ‘कुठली’ या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. खुद्द सलीमच्या मुलासाठी, सुलतान सुलेमानासाठी हिजरी ९३३ मध्ये, म्हणजे १५२६-२७ ला, अहमद तेकेलूने केलेला यातागान इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यावर ड्रॅगन आणि सीमुर्ग पक्ष्याची झुंज सोन्यात आहे, मालकाचं नाव, सन आणि कारागिराची सही तिन्ही एकमेकांना धरून आहेत. सहीवर विश्वास ठेवायचा तो अशा ठिकाणी.

आणखी एक गैरसमज इथेच काढतो. ‘अलीचं नाव आहे म्हणजे शिया, म्हणजे इराणी’ असं मला आठवड्याला कुणीतरी सांगतं. उस्मानी जानिसारी, म्हणजे सुलतानाचं निवडक पायदळ, बेक्ताशी पंथाचे, त्यांना अली अतिशय प्रिय. त्यांच्या निशाणांवर झुल्फिकार, म्हणजे अलीची तलवार, असे आणि ‘ला फता इल्ला अली, ला सैफ इल्ला झुल्फिकार’ (अलीसारखा वीर नाही, झुल्फिकारसारखी तलवार नाही) हे वचन तुर्की पात्यांवरही मिळतं. १८२६ ला दुसऱ्या महमूदने जानिसारी मोडून काढले, पुढे युरोपीय धाटणीच्या फौजेबरोबर युरोपीय धाटणीच्या तलवारी आल्या. तरी नव्या सुलतानाने इस्तंबूलमधल्या अय्यूबला जाऊन कमरेला तलवार बांधून घ्यायची, ही रीत शेवटच्या सुलतानापर्यंत टिकली. मुकुट नाही, तलवार. या वस्तूचं तिथलं वजन त्यावरून समजावं.

राहिली मूठ. ती आपली आहे, यात शंका नाही. बशीची चकती, आखूड परज, आतून बहुधा लाखेने बसवलेली. इराणी मुठीला चकती नसते. सरळ आडवी परज, हाडाच्या किंवा दाताच्या दोन फळ्या आणि वर एका बाजूला वळलेली पोलादी टोपी. म्हणजे पातं सुटं आलं आणि मूठ इथे चढली. सुटी पाती हा मोठा व्यापार होता. बहमनी, आदिलशाही, कुत्बशाही दरबारांत इराणी सरदार भरलेले, दाभोळ-चौलला इराणी घोडे उतरत, तिथे पात्यांच्या गाठोड्यांचं काय नवल? मराठ्यांनी तर पोर्तुगीज आणि इतर युरोपीय पाती घेऊन त्यांना आपल्या मुठी चढवल्या, तीच फिरंग. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून सोडवून आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार तशीच: पातं युरोपचं, मूठ इथली. तेव्हा मामांचं ‘जिंकून आणली’ शक्य आहे, पण ‘पेठेतून विकत घेतली’ हे जास्त शक्य आहे. मामांना मात्र जरा बेताने सांगा. आपली भाषाच बघा ना: समशेर, म्यान, पोलाद, जौहर, खंजीर, सगळे शब्द फारशीतून आलेले. वस्तू आली तशी शब्द घेऊन आली.

थोडक्यात, फोटोंवरून माझा अंदाज: पातं शमशीरी घाटाचं, इराणात घडलेलं किंवा त्या रीतीने इथे घडलेलं, मूठ दख्खनी किंवा उत्तर हिंदुस्थानी, अक्षरांबद्दल भिंगातून पाहिल्याशिवाय एक शब्द नाही. शाह अब्बासची म्हणायला आधार शून्य.

आता लिंबू. जौहर हा पृष्ठभागावरचा नाजूक फरक आहे, कठीण रांगा उजळ आणि बाकीचं काळसर. लिंबू, चिंच, राख, पितळेची भांडी घासायची पावडर, यातलं काहीही लावलंत की तो फरक सपाट होतो आणि कोफ्तगरीचं सोनं सुटतं. मी एक पातं पाहिलंय, अप्रतिम किर्क नर्दुबान, घरच्यांनी दिवाळीला घासून स्टीलच्या ताटासारखं करून ठेवलेलं. पुन्हा जौहर उठवता येतो, पण प्रत्येक वेळी पोलादाचा थर जातो, आणि ते काम घरी करायचं नाही.

खंडेनवमीचं तर आणखी बघा. पूजेला पात्यावर ओली हळद-कुंकवाची बोटं उठवतात, वर फूल ठेवतात, दसऱ्यापर्यंत तसंच. दरवर्षी त्याच जागी पाच बोटं. कितीतरी वाड्यांतल्या तलवारींवर मी मुठीपासून चार इंचांवर पाच काळे खड्डे मोजलेत, बोटांच्या अंतराने. पूजा जरूर करा, गंध-हळद तबकातल्या विड्याच्या पानाला लावा, तलवार शेजारी कोरडी ठेवा.

तूर्त एवढंच करा. सुती हातमोजे घाला. मऊ कापडाने धूळ टिपा. शिलाई मशीनचं पातळ तेल कापडावर दोन थेंब घेऊन पात्यावरून फिरवा, सोन्यावर नको. लाल भुकटी गंज तेलाने निघेल तेवढा निघू दे, बाकीचा राहू दे. म्यानात घालून ठेवू नका; लाकूड-चामडं पावसाळ्यात ओल धरतं. मूठ हलत असेल तर ‘लाख वितळवून घट्ट करतो’ म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका, त्या आचेने मुठीजवळच्या पोलादाचं पाणी उतरू शकतं.

कायद्याचं दोन ओळींत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातला भाचा ‘इकडे चांगला भाव मिळेल’ म्हणत असेल तर त्याला हे सांगा. घरात ठेवण्याविषयी स्थानिक पोलीस ठाण्यात आणि पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. तुमच्या भागात काय लागू आहे ते त्यांनाच ठाऊक.

आणि मला अजून चार फोटो पाठवा. पाठ वरून, मुठीपासून टोकापर्यंत. दोन्ही चौकटी, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद करून. टोकाचा शेवटचा वीतभर भाग. आणि चकतीच्या आतल्या बाजूला मुठीवर कुठे टिंबाटिंबांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं वा आकडे आहेत का, तिथला एक. संस्थानांच्या सिलेहखान्यांत, म्हणजे शस्त्रागारांत, असे नोंदीचे आकडे मारत. तो मिळाला तर तुमच्या आजोळी ही तलवार कुठून आली हे पात्यापेक्षा मूठच आधी सांगेल.